रिपोर्ट ऐकूनच न्यावा

डॉ. विमल वझरकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या बोरी गावातल्या घराच्या अंगणात. परभणीकडून आलेल्या जीपमधून एक उंच, चष्मा लावलेल्या बाई उतरल्या. खांद्याला पिशवी, हातात लांबट पाकीट. आमच्या घरात सुतक होतं. आमचे मालक दत्तराव तापानं गेले होते आणि अजून त्यांचे दिवस व्हायचे होते. अंगणात बसलेल्या भावकीतल्या बायकांना वाटलं, विम्याच्या बाई आल्या असतील.

"कोन पायजे?" आमच्या सासूबाईंनी विचारलं.

"दत्तरावांच्या घरचं कुणी आहे का? त्यांचा रक्ताचा रिपोर्ट द्यायचा होता."

"आता काय करायचंय रिपोर्टचं? मानूस गेलं की बाई."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "रक्त आमच्याकडं पोचलं तोवर उशीर झाला होता. नंतर कुणी न्यायला आलं नाही. पण आमच्याकडं रिपोर्ट सांगितल्याशिवाय राहत नाहीत. म्हणून आले."

मी आत दाराशी बसले होते. त्या आठवड्यात अंगणात जे बोलणं चाललं होतं ते सगळं मला ऐकू येत होतं. तापात मी मालकांना ताक दिलं, त्यानं पोटात थंडी बसली आणि माणूस गेला, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. सासूबाई उघड बोलायच्या, बाकीच्या हळू बोलायच्या. मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं.

मॅडम सरळ सासूबाईंच्या शेजारी, खाली जमिनीवर बसल्या. पाकीट उघडलं आणि एकेक ओळीवर बोट ठेवून सांगायला लागल्या. मालकांना हिवताप झाला होता, त्यातला वाईट जातीचा. ताप उतरला तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलं. पण आत रक्तातली साखर खाली जात होती, आम्ल वर चढत होतं आणि मूत्रपिंडं थकली होती. "हे बाहेरून दिसत नाही," त्या म्हणाल्या. "रक्ताला विचारावं लागतं. विचारायचं आधी कुणाला सुचलं नाही."

"मंग ताकानं न्हाई झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"ताकानं काही झालं नाही. दोन घोट पोटात गेले, तेवढं बरंच झालं. आता तुम्ही मला सांगा, काय झालं होतं?"

सासूबाई घाबरल्या. तरी त्यांनी सांगितलं, मोडकंतोडकं. साखर, आम्ल, मूत्रपिंड. सांगता सांगता त्या रडायला लागल्या आणि मला हाक मारली, "गयाबाई, बाहेर ये गं." मालक गेल्यापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती.

मॅडमच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठे डॉक्टर, प्राध्यापक लिहिणार आहेत. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं वर्तमानपत्रांवर आणि मॅडमच्या कपाटातल्या पुस्तकांवर. परभणीतल्या त्यांच्या रक्त तपासणी केंद्रात नाव पुकारायचं काम मी बरीच वर्षं करते, एवढीच माझी पात्रता. पण एक गोष्ट माझ्याइतकी कुणाला सांगता यायची नाही. या तापानं माझ्या घरातलं एक माणूस नेलं. त्याच तापानं पुढं एकदा येऊन दोन जीव मागितले. ते मॅडमनी दिले नाहीत.

मालक गेल्यावर काही महिन्यांनी मी मॅडमना भेटायला गेले. मनात एकच प्रश्न होता, साखर खाली गेली होती तर गूळ दिला असता तर? मॅडमनी तो प्रश्न नीट ऐकला. म्हणाल्या, "नुसत्या गुळानं वाचले नसते. बाकीचंही बिघडलं होतं. पण प्रश्न बरोबर आहे." मग चहा दिला. मॅडमच्या हातचा चहा ज्यांनी घेतलाय त्यांना माहीत आहे, तो तोंड वाकडं न करता संपवणं हीच एक परीक्षा असते. मी तो संपवला. तेवढ्यावरच की काय, त्यांनी विचारलं, "इथं काम कराल का? मला नावं पुकारायला माणूस पाहिजे. माझ्या लक्षात माणसांची नावं राहत नाहीत."

हे खरं आहे. मॅडमना माणूस त्याच्या रक्तावरून आठवतो. रस्त्यात कुणी नमस्कार केला की त्या हसून पुढं जातात आणि मला हळूच विचारतात, "हे मागच्या पावसाळ्यातले बिलिरुबिन ना?" एकदा एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बापाला, "तुमचं हिमोग्लोबिन काय म्हणतंय?" असं सगळ्या वऱ्हाडासमोर विचारलं होतं. माणूस भला होता. म्हणाला, "तुमच्या आशीर्वादानं चढायलंय."

आमच्या केंद्रात खिडकीवर एक पाटी आहे, 'रिपोर्ट ऐकूनच न्यावा'. कागद हातात द्यायचा नाही. माणसाला समोरच्या बाकावर बसवायचं, मॅडम बाहेर येणार, शेजारी बसणार, सांगणार, आणि शेवटी म्हणणार, "आता तुम्ही मला सांगा." माणसानं उलटून सांगितलं की मग कागद. यावरून रोज एक तरी भांडण होतंच. पाथरीचे एक शेतकरी एकदा खिडकीशी अडून बसले.

"अहो बाई, द्या की कागद. माझी गाडी जायलीय."

"ऐकूनच न्यावा लागतो, दादा."

"मी हितं कथा ऐकायला आलो का?"

मॅडम आतून आल्या. "कथाच आहे. छोटी आहे आणि तुमच्यावरच आहे. बसा."

ते बसले. त्यांची गाडी गेली. पुढच्या खेपेला बायकोला घेऊन आले आणि बाकावर बसल्या बसल्या तिलाच समजावून सांगत होते, "कागद मागू नको, देत न्हाईत. आधी ऐकावं लागतंय."

काही डॉक्टरांनाही हे सुरुवातीला पटलं नव्हतं. पेशंटला सांगायचं काम आमचं, असं त्यांचं म्हणणं. मॅडम कधी चिडल्या नाहीत. "उपचार तुम्हीच सांगायचे," त्या म्हणायच्या. "मी फक्त कोणत्या आकड्याकडं बघायचं ते सांगते. माणूस तुमच्याकडं येईल तेव्हा योग्य प्रश्न घेऊन येईल." त्यातले कितीतरी डॉक्टर आता स्वतः फोन करून विचारतात, "मॅडम, या तापाचं आम्ल बघाल का?"

कोणत्या आकड्याकडं बघायचं, हेच मॅडमच्या आयुष्याचं काम आहे असं मला वाटतं. आपल्याकडं तापाच्या दिवसांत पारावर, गाडीत, बाजारात एकच विचारणा असते, "पेशी किती?" म्हणजे प्लेटलेट. कापसाचा भाव विचारावा तसं. कुणाच्या लाखावर, कुणाच्या पन्नास हजारांवर. पेशी उतरल्या की गल्लीतल्या पपईच्या झाडाला पान राहत नाही. हिरवी आंबट किवी कुणी चवीनं खात नाही, पण पाहुणे आणतात. मॅडम याला कधी हसल्या नाहीत. त्या म्हणतात, लोकांना निदान रक्ताकडं बघायची सवय लागली, हे काय थोडं आहे? फक्त हिवतापात बघायची जागा चुकते. पेशी बहुतेकांच्या उतरतात आणि बहुतेकांच्या आपोआप चढतात. माणूस किती धोक्यात आहे ते एकट्या पेशींवरून ठरत नाही.

मग कशावरून ठरतं? इतक्या वर्षांत मी जे ऐकलं ते माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर दोष माझा. रक्तातल्या लाल पेशींपैकी किती पेशींत जंतू शिरलाय, ते मोजायचं. पण हा जंतू आतल्या बारीक नसांना चिकटून बसतो, म्हणून बोटाच्या थेंबात कधी कमी दिसतो. तेव्हा नुसत्या मोजणीवर थांबायचं नाही. साखर बघायची, आम्ल बघायचं, मूत्रपिंडं काय म्हणतात ते बघायचं, कावीळ आणि रक्त किती उरलंय ते बघायचं. आणि एकदा बघून सोडायचं नाही, पुन्हा पुन्हा विचारायचं. मॅडमनी वर्षानुवर्षं आपल्या जिल्ह्यातल्या तापांची नोंद ठेवली, कोण बरं झालं, कोण गंभीर झालं, त्यांच्या रक्तात आधी काय बदललं ते ताडून पाहिलं. कुणी कौतुक केलं की त्या लगेच अडवतात. "हे मी शोधलेलं नाही. मोठ्या दवाखान्यांना माहीतच होतं. मी फक्त ते तालुक्याच्या गावात विचारलं जावं म्हणून मागे लागले."

मागे लागणं मात्र त्यांच्याकडून शिकावं. गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंसाठी आणि गावातल्या डॉक्टरांसाठी त्यांनी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहिली. लिहिलेलं पान आधी मला वाचून दाखवायच्या. मला कळलं तर राहील, नाही कळलं तर पुन्हा लिहायचं, असा नियम त्यांनीच केला होता. एका दुपारी त्यांनी वाचलं, "रक्तातील आम्लतेचे प्रमाण वाढणे हे गंभीरतेचे लक्षण होय."

"न्हाई कळलं," मी म्हणाले.

"यात काय न कळण्यासारखं आहे?"

"आम्ल म्हंजे चिंचंसारखं का? रक्त आंबट होतंय का?"

मॅडमनी चष्मा काढला. आधी रागावल्या, मग हसल्या, मग पान फाडलं. दुसऱ्या दिवशी नवं पान आलं. त्यात लिहिलं होतं, लांब पळत गेल्यावर मांड्या भरून येतात, तसं या तापात सगळं अंग आतून भरून येतं. माणूस अंथरुणावर पडलेला असतो, पण श्वास पळत आल्यासारखा चालतो. असा श्वास दिसला तर ताप असो नसो, थांबू नका.

मालक शेवटच्या सकाळी तसाच श्वास घेत होते. मी त्यांना म्हणाले होते, कुठून पळून आल्यासारखं काय करताय? मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, कागद खाली ठेवला आणि उठून चहा करायला गेल्या. तसाच, नेहमीचा चहा. पान तसंच राहिलं. पुस्तिकेत ते आजही तसंच आहे.

मालकांच्या रक्ताची काच मॅडमनी जपून ठेवली होती. कामाला लागून बरेच दिवस झाल्यावर मी ती बघायला मागितली. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. "का बघायची आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "कशानं गेले ते एकदा डोळ्यानं बघू द्या." त्यांनी काच दुर्बिणीखाली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली, लावली, माझ्या डोळ्याला जमेल असं चाक फिरवून दिलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. फिक्या गुलाबी पेशी होत्या आणि कितीकांच्या आत एवढंएवढंसं निळं कडं, त्याला एक लाल ठिपका.

"जोडव्यावानी दिसतंय," मी म्हणाले.

"हो," मॅडम म्हणाल्या. "तसंच दिसतं."

त्यांनी घाई केली नाही. मी हवं तेवढा वेळ बघत बसले. इतक्या लहान गोष्टीनं आमचा सहा फुटी माणूस नेला, याचं मला आश्चर्य वाटलं आणि का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं. त्या तापाला आता चेहरा होता. त्या दिवसापासून बाकावर बसलेल्या बायांना मी न घाबरता सांगू शकते की जंतू कसा दिसतो.

आता सोनपेठची गोष्ट.

माझा मुलगा महेश कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. त्याची बायको वैशाली, माहेर सोनपेठचं. तिला सातवा महिना लागला आणि माहेरच्यांनी डोहाळजेवण ठरवलं. मॅडमना आग्रहाचं बोलावणं होतं. त्यांच्याच गाडीतून मी आणि महेश गेलो. वाटेत मी त्यांना सांगून ठेवलं होतं, "मॅडम, आज कुणाला हिमोग्लोबिन विचारायचं न्हाई." त्यांनी कबूल केलं होतं.

मांडव छान घातला होता. झोपाळ्याला झेंडूच्या माळा, वैशालीला हिरवी साडी, कपाळाला, दंडाला, कमरेला फुलांचे दागिने. बायका गाणी म्हणत होत्या. पोर हसत होती, पण मला ती सुकल्यासारखी वाटली. मी विहीणबाईंना, कौसल्याबाईंना, विचारलं. त्या म्हणाल्या, "जागरण झालंय, ईनबाई. सकाळपासून नटायलीय की."

मग दोन झाकलेल्या वाट्या आणल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. वैशालीनं एक उघडायची. तिनं हात पुढं केला तो वाटीच्या बाजूला, ताटातच पडला. बायका खदखदून हसल्या. "लाजायलीय गं!" "आधी महेशरावाचं नाव घे, मंग वाटी उघड!" वैशालीनं उखाणा पाठ केला होता, मला फोनवर दोनदा म्हणून दाखवला होता. तिनं सुरुवात केली, दोन शब्द म्हणाली आणि थांबली. पुन्हा तेच दोन शब्द म्हणाली. कुणीतरी मागून ओरडलं, "नवऱ्याला बघून इसरली!" पुन्हा हशा.

मॅडम हसत नव्हत्या. त्या खुर्चीवरून उठून झोपाळ्यापाशी गेल्या. पदरानं वैशालीचं कपाळ पुसलं. पदर ओला झाला. पंखा चालू होता आणि बाकी कुणाला घाम नव्हता.

"वैशाली, सकाळी काय खाल्लंस?"

वैशाली त्यांच्याकडं बघून हसली, तेवढंच.

मॅडमच्या पिशवीत साखर मोजायचं यंत्र कायम असतं. आमच्या केंद्रातल्या मुली चेष्टा करतात की बाकीच्या बाया कंगवा-आरसा ठेवतात, मॅडम सुई ठेवतात. त्यांनी तिथंच, झोपाळ्यावर, वैशालीचं बोट टोचलं. मेहंदीच्या बोटावर थेंब आला. एका आजीबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, भरल्या ओटीच्या पोरीचं रगत काडतेत का?" यंत्रावर आकडा आला आणि मॅडम म्हणाल्या, "साखर आणा. पाण्यात घालून. लवकर."

साखर खाली गेली, हे शब्द मी एकदा माझ्या अंगणात ऐकले होते, उशिरा.

मॅडमनी वैशालीला धरून बसवलं आणि घोट घोट पाणी पाजलं. पाजता पाजता त्या कौसल्याबाईंना म्हणाल्या, "ताप कधी आला होता?"

कौसल्याबाई माझ्याकडं बघेनात. "परवा आल्ता," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदल्या दिवशी पन. पन उतरला मॅडम, सकाळी काईच न्हवता. आन पेशी मोजून आनल्या की आमी. लाखाच्या वर हायत. पत्रिका वाटल्या होत्या, सगळे येनार होते... ईनबाईला कशाला काळजीत घालावं म्हनलं."

माझ्या ओठांवर आलेलं मी इथं लिहीत नाही. मॅडमनी मान वर न करता मला सांगितलं, "गयाबाई, भांडण परभणीत करा. आत्ता तिचे पाय वर घ्या."

थोड्या वेळानं वैशालीनं नीट डोळे उघडले. म्हणाली, "आई, मी वाटी उघडली का?" तेव्हा कुठं मांडवातल्या बायकांना कळलं की पोरगी लाजत नव्हती. मॅडमनी पुन्हा बोट टोचलं, आकडा वर आला होता, पण त्या उठल्या. "ही साखर टिकणार नाही," त्या म्हणाल्या. "खाली कशानं गेली ते रक्ताला विचारायला पाहिजे." जवळच्या दवाखान्यात सुईवाटे साखर चढवायला लावली, परभणीला फोन केला आणि तिथूनच ॲम्ब्युलन्सनं निघालो. फुलांचे दागिने तसेच अंगावर. महेश पुढं बसला होता, मी आणि कौसल्याबाई समोरासमोर, एकमेकींकडं न बघता.

परभणीच्या दवाखान्यात मॅडमनी थेंब स्वतः काचेवर ओढला. रिपोर्ट मी पाहिला नाही, पण त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावरून कळलं. तेच कडं होतं. औषधाची इंजेक्शनं सुरू झाली होती. मॅडम आमच्या दोघींच्या मधे बाकावर बसल्या.

"ऐका. जातीनं वाईट ताप आहे. गरोदरपणात यात साखर फार लवकर पडते. आम्ल चढायला लागलंय, पण थोडं आहे. मूत्रपिंडं चांगली आहेत. कावीळ नाही. आपण वेळेत विचारलंय. मी घाबरले असते तर सांगितलं असतं. आता तुम्ही मला सांगा."

इतकी वर्षं दुसऱ्यांकडून वदवून घेतलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा जीभ उचलेना. सांगितलं ते कौसल्याबाईंनी. हुंदके देत, बोटांवर मोजत. "साखर पडली हुती. आम्ल थोडंच हाय. मूत्रपिंडं चांगली. कावीळ न्हाई." मग माझा हात धरून म्हणाल्या, "चुकलं माजं, ईनबाई." मी हात सोडवला नाही.

पुढचे दिवस मॅडम पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. आधी साखर स्थिर झाली, मग आम्ल उतरलं, मग काचेवरची कडी कमी होत होत दिसेनाशी झाली. दरवेळी त्या बाकावर येऊन सांगायच्या आणि दरवेळी आम्ही उलटून सांगायचो. मधेच एका दिवशी पेशी खाली आल्या आणि कौसल्याबाईंनी भावाला फोन करून पपईची पानं मागवली. अख्खी गोणी आली. मॅडमनी गोणीकडं पाहिलं. "ठेवा तिकडं. पेशी येतील. त्या सगळ्यात मागून येणाऱ्या पाहुण्या. जेवणं झाल्यावर येतात." आल्याच त्या. गोणी दवाखान्यातल्या बाकीच्या नातेवाइकांनी नेली, त्यांना कोण समजावणार?

वैशालीला दिवस पूर्ण भरून मुलगी झाली. कागदावरचं नाव वेगळं आहे, पण कौसल्याबाईंनी तिला पहिल्या दिवसापासून 'साखरू' म्हटलं आणि तेच पडलं. साखरू आता शाळेत जाते. मॅडमकडं गेली की त्यांच्या दुर्बिणीच्या खुर्चीवर बसते आणि उतरत नाही. मॅडम तिचं नाव विसरत नाहीत. मी कधीतरी मुद्दाम विचारते, "ही कोन, सांगा बरं?" तर म्हणतात, "ही तर जन्माआधीची ओळख आहे."

मालक नाहीत, ते नाहीतच. सणाला पाट मांडताना मला अजून एक पाट जास्त मांडायची सवय आहे, आणि मी ती मोडलेली नाही. पण आताशा त्या पाटावर साखरू येऊन बसते. हे मला मॅडमनी दिलं.

मागच्या महिन्यात, या गौरव समारंभाची तयारी चालली असताना, केंद्रातल्या मुलींनी हट्टानं मॅडमचं रक्त काढून घेतलं. दुसऱ्याची रक्तं तपासता तपासता स्वतःचं तपासायचं त्या टाळत होत्या. रिपोर्ट तयार झाला. मॅडम खिडकीशी आल्या आणि कागदासाठी हात पुढं केला.

"बसा," मी म्हणाले.

"गयाबाई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे."

"असाल. पाटी वाचा."

बाकावरची माणसं हसायला लागली. एका म्हातारबानं सरकून जागा दिली. "बसा बाई, मलाबी बसवलंय त्यांनी." मॅडम बसल्या, हात मांडीवर ठेवून, बाकावर सगळे बसतात तशाच. मी शेजारी बसले आणि ओळीवर बोट ठेवून सांगितलं. साखर चांगली हाय. मूत्रपिंडं चांगली हायत. कावीळ न्हाई. रक्त तेवढं जरा कमी हाय, तर चहा कमी करायचा, तो तसाबी चांगला होत न्हाई, आन खजूर खायचे. त्यांची परवानगी घेऊन हे इथं लिहिते आहे.

"आता तुमी मला सांगा," मी म्हणाले.

मॅडमनी बोटांवर मोजलं. "साखर चांगली. मूत्रपिंडं चांगली. कावीळ नाही. रक्त कमी, खजूर खायचे."

"आन?"

"आणि चहा कमी."

"आन?"

तो म्हातारबा शेजारून म्हणाला, "आन पुढल्या वर्षी परत यायचं, बाई."

"आणि पुढच्या वर्षी परत यायचं," मॅडम म्हणाल्या. तेव्हा मी कागद त्यांच्या हातात दिला.

मॅडम, तुम्ही सगळ्यांसमोर कबूल केलंय. पुढच्या वर्षी मी तुमचं नाव पुकारीन, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि माझा आवाज बसला की साखरू पुकारील. तुम्ही यायचं, बाकावर बसायचं आणि सगळं चांगलं आहे असं आम्हाला उलटून सांगायचं. त्याशिवाय कागद मिळणार नाही.